चेंडू, चेहरा आणि मोठ्यांची जबाबदारी

काही नावे मुळातच फसवी असतात. सॉफ्टबॉल हे त्यांपैकी एक होय. या खेळाशी ज्यांचा परिचय केवळ नावापुरता आहे, त्यांची अशी समजूत असते की, बेसबॉल हा पुरुषांचा दणकट खेळ आणि सॉफ्टबॉल ही मुलींसाठी केलेली त्याची सौम्य आवृत्ती. वस्तुस्थिती निराळी आहे. नियमानुसार सॉफ्टबॉलच्या चेंडूचा घेर १२ इंच, म्हणजे सुमारे साडेतीस सेंटिमीटर असतो आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम. आपल्या परिचयाचा क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमांच्या दरम्यान भरतो. म्हणजे ज्याला ‘मऊ’ म्हटले जाते, तो चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा आकाराने मोठा तर आहेच, पण वजनानेही जड आहे. हातात घेऊन दाबून पाहिला, तर मऊपणाची कोणतीही खूण त्यात सापडत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर हा चेंडू वेगाने आदळला तर काय होईल, हे समजण्यासाठी वैद्यकशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

नाव पडले तेव्हा मात्र ते अगदीच खोटे नव्हते. १८८७ सालच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, शिकागो शहरातील फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण मंडळी हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांतील फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसली होती. निकाल कळताच कोणीतरी उत्साहाच्या भरात मुष्टियुद्धाचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने परतवला, आणि जॉर्ज हॅन्कॉक यांनी तोच हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला. हिवाळ्यात छपराखाली खेळावयाचा हा बेसबॉल पुढे मोकळ्या मैदानावर आला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव वॉल्टर हॅकन्सन यांनी १९२६ साली सुचवले आणि ते रूढ झाले. शिकागोत आजही १६ इंच घेराच्या चेंडूने, हातमोजे न घालता खेळण्याची परंपरा टिकून आहे. तेथे ते नाव शोभते. अन्यत्र खेळ वेगवान झाला, चेंडू टणक झाला, बॅट लाकडाची होती ती ॲल्युमिनियमची आणि पुढे संमिश्र धाग्यांची झाली. बदलले नाही ते फक्त नाव, आणि त्या नावामुळे मोठ्या माणसांच्या मनात निर्माण झालेली निर्धास्तता.

या निर्धास्ततेचा पुरावा पाहावयाचा असेल, तर मुलींच्या कोणत्याही सामन्याला जाऊन मैदानावर एकवार नजर फिरवावी. फलंदाजाच्या मागे बसणारी कॅचर, म्हणजे आपल्या भाषेत यष्टिरक्षक, पायांपासून डोक्यापर्यंत चिलखत घातल्यासारखी दिसते. तिच्या चेहऱ्यावर तारेची जाळी असते. अमेरिकेतील शालेय सॉफ्टबॉलमध्ये फलंदाज मुलीच्या हेल्मेटलाही चेहऱ्यापुढे जाळी असणे २००६ पासून सक्तीचे आहे. पण या दोघींच्या समोर उभी राहून चेंडू टाकणारी पिचर, आणि पहिल्या व तिसऱ्या बेसवर उभ्या असणाऱ्या मुली? ज्यांच्या दिशेने फटकावलेला चेंडू सर्वांत आधी आणि सर्वांत वेगाने येतो, त्यांचे चेहरे पुष्कळदा उघडेच असतात. त्यांनी जाळी लावावी की न लावावी, हे बहुतेक ठिकाणी त्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे.

चार दशांश सेकंदांचा हिशेब

हा प्रश्न भावनेचा नसून अंकगणिताचा आहे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा फलंदाजापासून साठ फूट सहा इंच, म्हणजे साडेअठरा मीटरांच्या जवळपास उभा असतो. सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर मोठ्या मुलींसाठी ४३ फूट, बारा वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी ४० फूट आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी ३५ फूट असते. त्यातही चेंडू टाकताना पिचर मोठी ढांग टाकून पुढे येते. म्हणजे ४३ फुटांवरून सुरुवात करणारी मुलगी चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजापासून अकरा-साडेअकरा मीटरांवरच असते.

आता असे समजू की, फटकावलेला चेंडू ताशी शंभर किलोमीटर वेगाने सरळ तिच्याकडे आला. जोरकस खेळणाऱ्या मुलींच्या सामन्यात हा वेग काही अद्भुत नव्हे. या वेगाने अकरा मीटरांचे अंतर कापण्यास चेंडूला सुमारे चार दशांश सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला साधा प्रतिसाद देण्यास निरोगी माणसाला त्यातला जवळजवळ अर्धा वेळ लागतो. उरलेल्या अर्ध्या वेळात त्या मुलीने एका पायावरचा तोल सावरून खाली गेलेला हातमोजा चेहऱ्यापर्यंत आणावयाचा असतो. हे कधी साधते, कधी साधत नाही. साधले नाही तर तो तिच्या कौशल्याचा दोष नव्हे, कारण कितीही सराव केला तरी मज्जातंतूंची गती एका मर्यादेपलीकडे वाढत नाही.

चेंडूतील शक्तीचाही अंदाज घ्यावा. १९० ग्रॅमांचा चेंडू ताशी शंभर किलोमीटर वेगाने येतो, तेव्हा त्यात जी ऊर्जा असते, ती एक किलोचे वजन साडेसात मीटरांवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून खाली सोडावे, इतकी असते. नाक, गालाचे हाड, डोळ्याच्या खोबणीची कड, जबडा आणि दात ही माणसाच्या शरीरातील नाजूक ठिकाणे. तुटलेला हात प्लास्टरमध्ये घालून सहा आठवड्यांत बरा होतो आणि त्यावर मैत्रिणी सह्याही करतात. पक्के दात एकदा पडले की पुन्हा येत नाहीत. डोळ्याचे तर बोलावयासच नको.

बरे, बॅटीही पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. नव्या बॅटी चेंडूला इतक्या जोराने परतवू लागल्या की, त्यांच्या उसळीला मर्यादा घालणारे निकष संघटनांना करावे लागले. साधने बदलली की खेळाडूंच्या संरक्षणाचाही फेरविचार व्हावयास हवा, हे तर्काला धरून आहे. परंतु फटक्याचा जोर वाढवणारे साधन बाजारात येण्यास वेळ लागत नाही. फटका झेलणाऱ्याला वाचवणारा नियम येण्यास मात्र वर्षे लागतात.

उपाय साधा आहे. मास्क म्हटले की अलीकडे आपल्याला साथीच्या दिवसांतील कापडी पट्टी आठवते. येथे अभिप्रेत आहे ती पोलादी तारेची किंवा टणक पारदर्शक प्लॅस्टिकची जाळी. कपाळ, गाल आणि हनुवटी यांवर टेकणाऱ्या मऊ गाद्या, डोक्यामागे आवळावयाचे पट्टे, आणि वेणी बाहेर काढण्यासाठी मागे मोकळी जागा, अशी तिची रचना असते. डोळ्यांसमोर पुरेसे रुंद अंतर सोडलेले असते. वजन काही शे ग्रॅम. अमेरिकेत तिची किंमत एका चांगल्या बॅटीच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी आहे. तेथील महाविद्यालयीन संघांतील अनेक नामवंत मुली ती लावून खेळतात, हे दूरचित्रवाणीवर दिसते. तरीही ती लावण्याची सर्वत्र सक्ती नाही.

हसणाऱ्यांचा इतिहास

जाळीला विरोध करणारे जे मुद्दे मांडतात, ते नवे नाहीत. १८७७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा कर्णधार फ्रेड थेयर याने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कल्पना घेऊन आपल्या कॅचरसाठी तारेचा मुखवटा बनवला. प्रेक्षकांनी त्याची टर उडवली. हे भेकडांचे लक्षण आहे, असे म्हणणारे शहाणेही निघाले. थेयरने पुढील वर्षी त्याचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच मुखवट्याशिवाय बसणारा कॅचर वेडा समजला जाऊ लागला. बर्फावरील हॉकीत हीच कथा ऐंशी वर्षांनी पुन्हा घडली. माँट्रियल संघाचा गोलरक्षक जॅक प्लांट याचे नाक १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमधील सामन्यात चकती लागून फुटले. टाके घालून घेतल्यावर, मुखवट्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असे त्याने प्रशिक्षकाला निक्षून सांगितले. मुखवट्याने नजर अडते आणि खेळाडू सैलावतो, असे प्रशिक्षकाचे मत होते. प्लांट मुखवटा लावून उतरला आणि त्याचा संघ जिंकला. आज त्या खेळात उघड्या चेहऱ्याचा गोलरक्षक औषधालाही सापडणार नाही.

क्रिकेटमधील उदाहरणे तर आपल्या घरचीच आहेत. १९६२ साली बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसून नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारात जाऊन आले आणि भारतीय कर्णधाराची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. तरीही हेल्मेट कसोटी मैदानावर दिसण्यास आणखी सोळा वर्षे जावी लागली. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका क्लब सामन्यात रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणासाठी उभा राहिला. षटकातले थोडेच चेंडू उरले आहेत, तेव्हा हेल्मेट मागवावयास नको, असे त्याने ठरवले, असे सांगतात. फटकावलेला चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. लांबा अडतीस वर्षांचा, कसोटी खेळलेला, अनुभवी खेळाडू होता. ‘माझे मी पाहून घेईन’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्याला होता. आणि त्याचाही अंदाज चुकला. मग तो निर्णय सातवीतल्या मुलीवर कोणत्या न्यायाने सोपवावयाचा?

मर्जीचा प्रश्न

या सर्व वादाचे मर्म येथे आहे. जाळी ऐच्छिक ठेवणे म्हणजे मुलांना स्वातंत्र्य देणे, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ते स्वातंत्र्य नव्हे. बारा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ‘लावायची असेल तर लाव’ याचा अर्थ ‘तुला भीती वाटत असेल तर लाव’ असा होतो. संघातील इतर मुली जाळी लावत नसतील, तर लावणारी एकटी पडते. प्रशिक्षक काही बोलत नाहीत. पण त्यांच्या गप्प राहण्याचाही अर्थ मुलांना कळतो. मग ती मुलगी जाळी पिशवीत ठेवते आणि आईला सांगते की, त्यातून नीट दिसत नाही. धैर्याची परीक्षा घेण्याची ही पद्धत विचित्र आहे. कारण या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्याच्याच चेहऱ्याला धोका अधिक.

नियम केला की ही लाज एका दिवसात नाहीशी होते. जी गोष्ट सर्वांनाच करावी लागते, ती केल्याने कोणी भित्रा ठरत नाही. फलंदाज मुलींच्या हेल्मेटवर जाळी सक्तीची झाली, तेव्हा त्यांच्या शौर्याला उणेपणा आला असे कोणी म्हटले नाही. अमेरिकेत मुलींच्या लॅक्रॉसमध्ये डोळ्यांचे संरक्षक २००५ पासून आणि शालेय मुलींच्या हॉकीत २०११ पासून बंधनकारक झाले. हॉकीतील सक्तीनंतरच्या पाहणीत डोळ्यांच्या दुखापती कमी झाल्याचे आढळले; आणि संरक्षक लावल्याने मुली बेफाम होऊन एकमेकींवर आदळतील, डोक्याच्या दुखापती वाढतील, ही जी भीती व्यक्त केली जात होती, तीही खरी ठरली नाही.

इंग्लंडमधील क्रिकेट मंडळाचा नियम या बाबतीत विशेष बोलका आहे. तेरा वर्षांखालील मुलाला फलंदाजापासून अकरा यार्डांच्या, म्हणजे दहा मीटरांच्या आत क्षेत्ररक्षणासाठी उभे करता येत नाही. अपवाद फक्त यष्टीमागच्या जागांचा. मुलाची इच्छा आहे का, तो धीट आहे का, हे कोणी विचारत नाही. मोठ्यांनी अंतर मोजले, मुलाचे वय पाहिले आणि नियम केला. सॉफ्टबॉलमध्ये दहा वर्षांची पिचर ३५ फुटांवरून पुढे ढांग टाकते, तेव्हा ती जवळजवळ याच निषिद्ध अंतरावर, किंबहुना त्याच्याही आत पोचलेली असते. तिला मागे सरकवता येत नाही, कारण खेळाची रचनाच तशी आहे. ज्याला दूर उभे करता येत नाही त्याचा चेहरा झाकावा, एवढाच काय तो पर्याय उरतो.

अर्थात जाळी म्हणजे कवचकुंडले नव्हेत, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ती नाक, गाल आणि दात वाचवते. मेंदूला बसणारा हादरा ती टाळेलच असे नाही, आणि डोक्याची मागची व वरची बाजू ती झाकत नाही. मापाची नसेल तर ती धावताना घसरते आणि नेमकी नको त्या वेळी डोळ्यांपुढे आडवी येते. पट्टे सैल झालेली, तार वाकलेली जाळी निरुपयोगी असते. सवय होईपर्यंत काही मुलींना उंच चेंडू पाहताना अडचण वाटते, ही तक्रारही खोटी नाही. म्हणूनच ती सामन्याच्या दिवशी प्रथम न लावता सरावात पहिल्या दिवसापासून लावावयास हवी. आणि जाळी दिली म्हणून हातमोजा वर ठेवण्याचे, पाय सावरण्याचे शिक्षण कमी करून चालणार नाही. पण या मर्यादा सांगून जाळीच नाकारणे म्हणजे छत्रीने पाय भिजतात म्हणून डोके भिजवण्यासारखे आहे.

आपल्या मैदानांवर

हा सारा अमेरिकेचा प्रश्न आहे, आपला काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु सॉफ्टबॉल महाराष्ट्रात परका राहिलेला नाही. शालेय स्पर्धांत तो आहे, आंतरविद्यापीठ स्पर्धांत आहे, शिवछत्रपती पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्याचे खेळाडू आहेत. जळगाव, अमरावती, पुणे अशा जिल्ह्यांतून मुलामुलींचे संघ निघतात आणि राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्र अग्रेसर राहत आला आहे. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांमुळे अनेक पालकही मुलांना या खेळाकडे पाठवतात. १९९६ साली ऑलिंपिकमध्ये आलेला आणि मध्यंतरी वगळला गेलेला हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये परत येत आहे; तेव्हा त्याचे आकर्षण वाढेल, असे मानावयास हरकत नाही.

आपल्याकडे धोक्यात एक भर पडते, ती मैदानांची. अमेरिकेतील मुली बहुधा निगा राखलेल्या सपाट मैदानावर खेळतात. आपल्या शाळांची मैदाने मुरमाची, खडे वर आलेली, उन्हाळ्यात दगडासारखी टणक झालेली असतात. अशा जमिनीवर सरपटत येणारा चेंडू एखाद्या खड्यावर आपटून अचानक उसळतो. तो टिपण्यासाठी वाकलेल्या मुलीचा चेहरा त्या वेळी चेंडूच्या अगदी समोर असतो. येथे फटक्याचा वेग कमी असला तरी चालतो. दगा देते ती जमीन. मैदाने सुधारावीत हे खरेच, पण ती कधी सुधारतील हे कोणता क्रीडाशिक्षक सांगू शकेल?

खर्चाचा मुद्दा मात्र आपल्याकडे खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ज्या शाळेत चेंडूदेखील शिवण उसवेपर्यंत वापरतात, तेथे प्रत्येक मुलीला स्वतःची जाळी घ्या, असे सांगणे म्हणजे गरीब घरच्या मुलीला मैदानाबाहेर काढण्यासारखे होईल. सुदैवाने त्याची आवश्यकता नाही. कॅचरचे सामान आपण प्रत्येक मुलीला देत नाही. ते शाळेचे असते आणि जी त्या जागी खेळते ती ते घालते. तोच न्याय येथे लावावा. पिचर, पहिला बेस आणि तिसरा बेस, या तीन जागांसाठी शाळेने तीन जाळ्या घ्याव्यात. पट्टे मागेपुढे करता येतात, तेव्हा मापाची फारशी अडचण येत नाही. डाव संपला की ओल्या फडक्याने पुसून पुढच्या मुलीला द्याव्यात. स्पर्धा भरवणाऱ्यांनी, निदान चौदा वर्षांखालील गटासाठी, या तीन जागांवर जाळी सक्तीची करावी आणि ज्या शाळेकडे ती नसेल तिला मैदानावरच वापरण्यास द्यावी. म्हणजे नियमाचा भुर्दंड मुलांवर पडणार नाही.

क्रीडाशिक्षकांनी यासाठी परिपत्रकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वर्गात एखाद्या मुलाने पेटता स्पिरिटचा दिवा चेहऱ्याजवळ धरला, तर शिक्षक त्याची मर्जी विचारत नाहीत. मैदान हाही एक वर्गच आहे. तेथे मुलांनी पडावे, खरचटून घ्यावे, हरावे आणि पुन्हा उभे राहावे, यासाठीच आपण त्यांना पाठवतो. गुडघ्यावरची खूण माणूस पुढे कौतुकाने दाखवतो. पण तुटलेले दात आणि गेलेली नजर यांतून कोणताही धडा मिळत नाही. त्या मुलीचे पालक मात्र एक धडा घेतात, तो म्हणजे धाकट्या बहिणीला मैदानावर न पाठवण्याचा. मुलींच्या खेळाचे ज्यांना अगत्य आहे, त्यांनी हा परिणाम विशेष ध्यानात घ्यावा.

ज्या ज्या खेळात टणक चेंडू चेहऱ्याकडे येतो, त्या त्या खेळात जाळी आज ना उद्या आली आहे. प्रथम तिला हसले गेले, मग ती सहन केली गेली, आणि शेवटी तिच्यावाचून खेळणे हेच हास्यास्पद ठरले. सॉफ्टबॉलमध्येही हेच होणार, यात शंका नाही. ते किती मुलींचे चेहरे जायबंदी झाल्यानंतर व्हावयाचे, एवढेच आपल्या हाती आहे.